साडेब्याऐंशी

जगातली निम्मी दुःखं चुकीच्या मापाचा जनरेटर घेतल्यामुळे निर्माण झाली आहेत, असं मनापासून मानणारा एकच माणूस मी पाहिला आहे, आणि तो माझा साडू आहे. उरलेली निम्मी कशामुळे झाली याबद्दल त्यांचं ठाम मत नाही. खरं तर त्यात त्यांना फारसा रसही नाही. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे ते यजमान. बायको त्यांना दाजी म्हणते म्हणून मीही दाजी म्हणू लागलो, आणि आता कोलशेतच्या आमच्या सोसायटीतली शहाण्णव घरं, दोन वॉचमन आणि पाण्याच्या टाक्या धुणारा माणूससुद्धा त्यांना दाजीच म्हणतो. एवढ्या सगळ्यांच्या बहिणी त्यांना दिलेल्या नाहीत, हे उघड आहे. मग हे नातं कसं जुळलं, तीच हकिकत सांगायची आहे.

दाजी राहायचे मोहन्याला. तिथल्या रेयॉनच्या कारखान्यात ते पॉवर हाऊसला होते. कारखाना बंद झाला तेव्हा त्यांच्या सोबत्यांपैकी कुणी रिक्षा घेतली, कुणी पोळीभाजी केंद्र काढलं, कुणी गावी जाऊन बसलं. दाजींनी एक जुनी स्कूटर, एक लांबट वही आणि एक क्लॅम्प मीटर एवढ्या सामग्रीवर दुसऱ्या कुणाला सुचला नसता असा धंदा सुरू केला. ते जनरेटर विकत नसत, भाड्याने देत नसत, दुरुस्तही करत नसत. तुम्हाला किती ताकदीचा जनरेटर लागेल, एवढंच सांगत. क्लॅम्प मीटर म्हणजे खेकड्याच्या नांगीसारखा एक चिमटा असतो. तो वायरीभोवती धरला की तिच्यातून किती वीज वाहते आहे तो आकडा दिसतो. ही नांगी त्यांच्या शर्टाच्या खिशातून डोकं बाहेर काढून कायम बसलेली असायची. बारशाला, साखरपुड्याला आणि मुलगी बघायच्या कार्यक्रमालासुद्धा. पॉवर हाऊसच्या गडगडाटात त्यांचा डावा कान थोडा कमजोर झाला होता. त्यामुळे कुठे जनरेटर दिसला की ते मान कलती करून उजवा कान त्याच्या दिशेला न्यायचे, डोळे मिटायचे आणि नाडी बघणाऱ्या वैद्यासारखे स्तब्ध उभे राहायचे. "साडी घ्यायला गेलो तरी आधी त्या दुकानाचा जनरेटर ऐकून होतो," ताई, म्हणजे त्यांच्या पत्नी, म्हणायच्या, "मग साडी. तोवर चांगले रंग गेलेले असतात."

माझ्या लग्नात मी त्यांना पहिल्यांदा नीट पाहिलं, म्हणजे पाहिलं नाही, कारण ते दिसतच नव्हते. कल्याणला हॉल होता, मे महिना होता, आणि लाइट सकाळपासून गेलेली. थोरले जावई कुठे आहेत म्हणून सासरेबुवा सगळीकडे शोधत होते. दाजी हॉलच्या मागे, शौचालयाच्या भिंतीला टेकून उभ्या असलेल्या जनरेटरशेजारी सापडले. नवा कोट घातलेला, मान कलती. "बाबा, हा सेट धापा टाकतोय," ते सासरेबुवांना म्हणाले, "वंदना सुरू व्हायच्या आत बसेल." आणि सासरे काही बोलायच्या आत त्यांनी जाऊन हॉलमधले सहाच्या सहा कूलर बंद करून टाकले. पुढची पाऊण घटका मी आणि माझी बायको पांढऱ्या कपड्यांत बसून घामाने निथळत होतो. माझी मावशी त्यांच्यावर चांगलीच घसरली. तेव्हा दाजी अगदी शांतपणे म्हणाले, "मावशी, घाम आला तर रुमाल आहे. माइक गेला तर भंतेजींचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत कोण नेणार?" त्रिसरण, पंचशील, सगळं शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. फोटोत मात्र मी आंघोळ करून तसाच आल्यासारखा दिसतो.

दाजींना दोन वाक्यं सहन होत नसत. एक, 'चालून जाईल' आणि दुसरं, 'मोठाच घेऊन ठेवू'. पहिल्या वाक्याने ते कष्टी व्हायचे. दुसऱ्याने त्यांचं डोकं उठायचं. "लहान सेट घेतला तर तो दमून बंद पडतो, हे सगळ्यांना कळतं," ते म्हणायचे. "मोठा घेतला तर तो बसून बसून सडतो, हे कुणाला पटत नाही. इंजिनाला काम पाहिजे. काम नसलं की ते गरम होत नाही, गरम झालं नाही की डिझेल पुरतं जळत नाही, आणि मग ते कच्चं डिझेल काजळी होऊन आतच बसतं." डोंबिवलीच्या एका क्लासवाल्या सरांनी असाच एक अगडबंब जनरेटर घेऊन ठेवलेला. त्यावर चालायचे काय, तर आठ ट्यूबलाइट आणि सहा पंखे. सायलेन्सरमधून काळे थेंब उडून शेजारच्या बाल्कनीतल्या कपड्यांवर बसायचे आणि शेजारीण रोज क्लासमध्ये येऊन भूमितीच्या तासाला भांडायची. दाजींनी जाऊन ऐकलं आणि निदान केलं, "याला काम द्या." दर शनिवारी तासभर क्लासमधले सगळे एसी जनरेटरवर पूर्ण लावायचे, असा उपाय ठरला. सुरू झाला तो जानेवारीत. दहावीची मुलं स्वेटर घालून, हात काखेत घालून कुडकुडत प्रमेयं लिहीत बसायची. पालक तक्रार घेऊन आले तेव्हा सर म्हणाले, इंजिनाच्या तब्येतीसाठी आहे. थेंब मात्र थांबले, आणि शेजारणीने दाजींना डिंकाचे लाडू पाठवले.

तर आमची सोसायटी. कोलशेतला, खाडीच्या बाजूला. दोन विंग, चौदा मजले, चार लिफ्ट. बिल्डरने दिलेला जनरेटर बरीच वर्षं चालला आणि एका उन्हाळ्यात कायमचा बसला. मी तेव्हा सेक्रेटरी होतो. निवडणुकीच्या सभेला गेलो नव्हतो, म्हणून माझी निवड झाली होती. चेअरमन मूळचे कोलशेतचेच. ज्या जमिनीवर आमच्या विंग उभ्या आहेत ती त्यांच्या घरची. आजोबांच्या वेळी इथे भात पिकायचा आणि पलीकडे खाडीकडेला त्यांचं मिठागर होतं. माणूस अंगाने आडवा, मनाने मोकळा, गळ्यात जाड साखळी. सोसायटीसाठी कुठलीही वस्तू घ्यायची तर शेजारच्या सोसायटीपेक्षा मोठी घ्यायची, असा त्यांचा सरळ नियम होता. शेजारी दोनशे केव्हीए ताकदीचा जनरेटर होता. एका विक्रेत्याने येऊन, आमच्या इमारतीकडे एकदा खालून वर पाहून, दोनशे पन्नास केव्हीए असा आकडा सांगितला, आणि तो चेअरमनना फार आवडला.

त्या रविवारी दाजी आणि ताई आमच्याकडे जेवायला आलेले. बोलता बोलता मी हा आकडा उच्चारला. दाजींनी हातातला घास ताटात ठेवला.

"कोणी मोजलं?"

"विक्रेत्याने."

"कशाने?"

"नजरेने," मी म्हणालो.

दाजी उठले आणि हात धुवायला गेले. बायको म्हणाली, "दाजी, मटण तसंच आहे ताटात." ते म्हणाले, "आधी मोजतो. जेवल्यावर झोप येईल आणि आकडा चुकेल."

ते मोजणं तीन रविवार चाललं. पहिल्या रविवारी त्यांनी लिफ्टच्या मशीन रूममध्ये आणि पंपहाऊसमध्ये प्रत्येक वायरीला नांगी लावून पाहिली. दुसऱ्या रविवारपासून ते घरोघर निघाले. लाइट गेली की प्रत्येक घरात एक दिवा, एक पंखा चालावा असं कमिटीचं ठरलं होतं; पण दाजींना ते ऐकीव नको होतं. ते बेल वाजवायचे, चप्पल बाहेर काढायचे आणि वही उघडून एकच प्रश्न विचारायचे, "लाइट गेल्यावर तुम्हाला काय लागतं?" कुणी म्हणे एसी, कुणी म्हणे वॉशिंग मशीन, एका बाईंनी टीव्ही सांगितला आणि नवऱ्याने तो खोडायला लावला. सहाव्या मजल्यावरचे निवृत्त गृहस्थ बराच विचार करून म्हणाले, "खरं सांगू? लाइट गेली की मला शांतता लागते." दाजींनी 'शांतता' असं लिहून पुढे शून्य घातलं. "हिला लोड नाही," ते म्हणाले. मी त्या इमारतीत नऊ वर्षं राहत होतो आणि मला लिफ्टमधले चेहरेच तेवढे माहीत होते. दाजींना तिसऱ्या रविवारी कुणाच्या सुनेला दिवस गेलेत, कुणाचा मुलगा कॅनडाहून फोन करत नाही आणि कुणाकडे चहात सुंठ घालतात, हे सगळं ठाऊक होतं. लोक मला गेटवर थांबवून विचारू लागले, "आज दाजी येणारेत का?"

अकराव्या मजल्यावर एक निवृत्त शिक्षिका राहायच्या. फार कुणात मिसळायच्या नाहीत. दाजींनी प्रश्न विचारला तेव्हा त्या त्यांना सरळ आतल्या खोलीत घेऊन गेल्या. मीही मागे होतो. पलंगावर त्यांचे यजमान होते, नाकात नळी, उशाशी प्राणवायूचं मशीन घूं घूं करत होतं. "लाइट गेली की हे बंद पडतं," बाई म्हणाल्या. "मग मी सिलिंडर उघडते. मोठा पाना आहे, हाताला घाम आला की फिरत नाही. मागच्या महिन्यात दोनदा फिरला नाही."

"तुम्ही कमिटीला का नाही सांगितलंत?" मी विचारलं.

"कुणी विचारलं नाही हो," त्या म्हणाल्या. त्यात तक्रार नव्हती, आणि म्हणूनच मला ते जास्त लागलं.

दाजींनी मशीनची पाटी वाकून वाचली, नांगी लावून आकडा पडताळला आणि वहीत लिहिला. मग पहिल्या पानावर जाऊन, लिफ्टच्याही वर, लाल पेनाने तोच आकडा पुन्हा लिहिला.

सभा क्लबहाऊसमध्ये भरली. दाजी पुढे उभे राहिले आणि म्हणाले, "तुम्हाला साडेब्याऐंशी केव्हीएचा सेट लागतो." सभागृहात खसखस पिकली. साडेब्याऐंशी हे जनरेटरचं बाजारात मिळणारं रीतसर माप आहे, हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. चेअरमनचा चेहरा पडला.

"दाजी, तुमी आमचं पावनं हाव, म्हनून बोलत नाय," ते म्हणाले. "पन दोन विंगची बिल्डिंग आपली. बाजूवाल्यांनी दोनशेचा आनलाय. आपुन साडेब्याऐंशी आनला तं लोकं हसतीन नं. आनि यो अर्धा कशाला? शंभर तरी करा."

दाजींनी फळ्यावर केडब्ल्यू आणि केव्हीए असं लिहून समजवायला सुरुवात केली. पाचव्या मिनिटाला मागच्या रांगा पेंगू लागल्या. तेव्हा त्यांनी फळा पुसला आणि चेअरमनकडे वळून विचारलं, "चेअरमन साहेब, तुमच्या गावातली मावशी मासळीची टोपली घेऊन येते. टोपलीत काय असतं?"

"मावरा असतं. आनि बरफ."

"डोक्यावर वजन कशाचं येतं?"

"दोनींचा येतं."

"आणि खायला काय मिळतं?"

"मावराच नं. बरफ कोन खातंय."

"मग मावरं म्हणजे केडब्ल्यू. अख्खी टोपली म्हणजे केव्हीए. जनरेटरला टोपली उचलावी लागते."

चेअरमननी दोन्ही हातांनी हवेत टोपली तोलून पाहिली. मग म्हणाले, "मंग बरफ कमी करा नं."

दाजींचा चेहरा उजळला तो मला अजून दिसतो. इतक्या वर्षांत त्यांना असा विद्यार्थी मिळाला नव्हता. "हेच," ते म्हणाले, "हेच. कपॅसिटर म्हणून एक वस्तू लावली की बर्फ कमी होतो. तेवढ्यानेच आपण शंभरावरून साडेब्याऐंशीवर येतो." तरीही चेअरमन पुरते हलले नाहीत. टोपली कळली होती, पण शेजारच्या सोसायटीची लाज वेगळ्या खात्यात होती. शेवटी असं ठरलं की साडेब्याऐंशीचा सेट एका दिवसासाठी भाड्याने आणायचा, पूर्ण बिल्डिंग त्यावर चालवून पाहायची आणि मग निकाल लावायचा. बंद पडला, तर दोनशे पन्नास.

चाचणीच्या सकाळी दहा वाजता सगळी सोसायटी खाली जमली होती. सेट ट्रॉलीवर आलेला, हिरवा, आणि खरोखरच जरा लहान वाटणारा. दाजींना लिफ्ट भरलेल्या हव्या होत्या, कारण रिकामी लिफ्ट उचलण्यात काय परीक्षा, असं त्यांचं म्हणणं. मग एकच धमाल उडाली. दाजी याद्या वाचत होते आणि लोक वजनं ओरडून सांगत होते. एरवी वजन विचारलं तर रागावणाऱ्या बायका त्या दिवशी अभिमानाने दोन किलो वाढवून सांगत होत्या. प्रत्येक लिफ्टमध्ये आठ माणसं. चेअरमन स्वतः ए विंगच्या पहिल्या लिफ्टमध्ये चढले. त्या लिफ्टमध्ये मग सहाच माणसं मावली.

इलेक्ट्रिशियनने मेन बंद केला. सेट सुरू झाला, जिन्यातले दिवे लागले, घरांतले पंखे फिरले, आणि चारी लिफ्ट एकदम वर निघाल्या. इंजिनाचा आवाज जड झाला आणि सावरला. लोक टाळ्या वाजवायच्या बेतात होते. तेवढ्यात सेटने असा काही कण्हल्यासारखा आवाज काढला, काळ्या धुराचा एक लोट सोडला, आणि सगळं बंद.

चेअरमनची लिफ्ट चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मध्ये अडकली. डक्टमधून त्यांचा आवाज खाली आला, संथ आणि भरदार, "साडेब्याऐंशी."

वॉचमन आणि इलेक्ट्रिशियन चाव्या घेऊन वर धावले. मी दाजींकडे पाहिलं. ते धुराच्या दिशेला पाहत उभे होते. ते पायरीवर बसले आणि वहीतली पानं उलटू लागले. बोट एकेका ओळीवरून फिरत होतं. "लिफ्ट बरोबर आहेत," ते स्वतःशीच म्हणत होते. "पंप मी अजून लावलाच नाही. हा ओढला कुणी?" मी शेजारी बसलो. आमच्या ताई, ज्या एरवी या वेडापायी त्यांना दिवसातून चारदा बोलतात, त्या मागे उभ्या राहून म्हणाल्या, "चुकतं एखाद्या वेळी. उठा, चहा घ्या."

दाजींनी हात वर करून ताईंना थांबवलं. मान कलती झाली होती. "पाणी कुठे पडतंय?" त्यांनी विचारलं.

मला काहीच ऐकू येत नव्हतं. ते उठून पंपहाऊसच्या मागे गेले, मी त्यांच्यामागे. कंपाऊंडच्या भिंतीत तिथे एक गंजकं दार आहे. ते मी कधी उघडलेलं पाहिलं नव्हतं. दाजींनी ते ढकललं. पलीकडे लांबट अशी एक जमिनीची पट्टी होती, आणि तिच्यावर भेंडी होती, वालाचे वेल होते, मुळा, चवळी, दोन शेवग्याची झाडं. वाफ्याच्या कडेला चेअरमनचे म्हातारे वडील पंचा गुडघ्यावर आवळून, हातात पाइप धरून उभे होते. पाइपच्या तोंडातून शेवटचे थेंब पडत होते.

"पानी आला, न लगेच गेला," ते आम्हाला पाहून म्हणाले. "तुमचे लाइटीचा काय चाललाय?"

शेवग्याच्या खोडाला पत्र्याची पेटी ठोकलेली होती. दाजींनी ती उघडली आणि हसले. इमारत बांधताना मारलेली बोअर होती ती. आम्हाला वाटायचं, कधीच बुजली. तिच्यावरचा मोठा पंप आमच्या पॅनेलवर होता आणि लाइट आली की आपोआप सुरू व्हायचा. दाजींनी मोजलं तेव्हा तो बंद असल्यामुळे नांगीला सापडला नव्हता. चारी लिफ्ट भरलेल्या असताना या पंपाने एका दणक्यात वीज ओढली होती.

मी म्हणालो, "दाजी, हे सभेत सांगायला हवं. चेअरमननी कुणाला न विचारता—"

"काय सांगायचं?" ते म्हणाले. "चूक माझी आहे. मी शहाण्णव दारांत गेलो, या दारात आलो नाही." मग त्यांनी वही उघडली, म्हाताऱ्यांजवळ उकिडवे बसले आणि विचारलं, "बाबा, रोज किती वेळ पाणी लागतं?"

"अर्धा तास. सकालचा." म्हाताऱ्यांनी पाइपने खाडीकडे दाखवलं. "आधी पार खाडीपर्यंत आपलंच होतं. आता एवराच तुकरा र्‍हायलाय. पोरगा बोलला, बाबा, यो तुमचा. बिल्डरला नाय देत."

चेअरमन तोवर लिफ्टमधून सुटून आमच्या मागे येऊन उभे होते. उघडी पेटी, दाजींची वही आणि वडिलांच्या हातातला कोरडा पाइप, सगळं त्यांनी पाहिलं. त्यांचा हात गळ्यातल्या साखळीकडे गेला आणि तिथेच राहिला. दाजी उठून म्हणाले, "चेअरमन साहेब, माझ्या यादीत एक पंप राहून गेला. माफ करा, तुम्हाला अडकून पडावं लागलं. याला झटका न देता हळू सुरू होणारा स्टार्टर लावू, आणि सगळ्यांच्या शेवटी लावू. साडेब्याऐंशीत हा बसतो."

चेअरमननी साखळी सोडली. मग म्हणाले, "जनरेटरवर र्‍हाऊ दे बोलताय? बाबांचा पंप?"

"बाबांना सकाळी पाणी लागतं," दाजी म्हणाले. "मी लिहून घेतलंय."

पुढे काय झालं ते सांगायला मला फार आवडतं. चेअरमन बाहेर आले, जमलेल्या लोकांसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "सेटची चुकी नाय. दाजींची पन नाय. मागं आमचे बाबांची भाजीची वारी हाय, तिला आपले बोअरचं पानी जातं. सांगाचा र्‍हायला होता. आज सांगतंय." लोक एकमेकांकडे पाहू लागले. तेव्हा तिसऱ्या मजल्यावरच्या एक बाई म्हणाल्या, "म्हणजे आजोबा दारात भेंडी ठेवून जातात ती विकतची नसते होय?" आणि तणाव गेला. बऱ्याच घरांच्या दारात भेंडी येत होती, असं तेव्हा उघड झालं. प्रत्येकाला वाटत होतं की आपल्याच दारात येते.

दुपारपर्यंत इलेक्ट्रिशियनने स्टार्टर बदलला. चाचणी पुन्हा झाली. पुन्हा आठ-आठ माणसं चढली. चेअरमनही चढले, त्याच लिफ्टमध्ये. दिवे लागले, लिफ्ट निघाल्या, मग पाण्याचे पंप, मग सगळ्यात शेवटी बोअर. इंजिन एकदा वाकल्यासारखं झालं आणि मग एका लयीत चालू लागलं. भिंतीपलीकडून म्हाताऱ्यांनी हाक दिली, "आला." खाली टाळ्या, शिट्ट्या, कुणीतरी सरबत आणलेलं. मी दाजींना शोधत होतो, चेअरमन हार घेऊन त्यांना शोधत होते, आणि दाजी नेहमीसारखेच दिसत नव्हते. ते मला अकराव्या मजल्यावर सापडले. आतल्या खोलीच्या दाराशी उभे होते. मशीन घूं घूं करत होतं आणि त्याच्यावरचा हिरवा दिवा लागलेला होता. शिक्षिकाबाई भिंतीला टेकून त्या दिव्याकडे पाहत होत्या. दाजी मला म्हणाले, "मुख्य लोड चालू आहे." आणि रुमाल काढून, घाम नसलेल्या जागीसुद्धा चेहरा पुसला.

शेजारच्या सोसायटीचे लोक पुढच्याच महिन्यात आमच्याकडे आले. त्यांचा दोनशेचा सेट काळे थेंब टाकू लागला होता. चेअरमननी त्यांना खुर्च्या दिल्या आणि मावरं व बर्फ यांवर अर्धा तास न थांबता व्याख्यान दिलं. फळा वापरला नाही.

गेल्या वर्षी दाजी आणि ताई मोहन्याचं घर सोडून खडवलीला राहायला गेले. स्टेशनपासून आत, नदीच्या बाजूला दोन खोल्यांचं बैठं घर आहे. दाजींनी काम थांबवलंय; गुडघ्यांमुळे मशीन रूमचे जिने चढवत नाहीत आणि आता मोबाइलवर आकडे टाकले की तोच माप सांगतो म्हणे. मे महिन्यात मी आणि बायको एका संध्याकाळी त्यांच्याकडे गेलेलो. चहा होतो तोच लाइट गेली. आजूबाजूचे दिवे एकदम विझले आणि दूरच्या फार्महाऊसवर एक जनरेटर सुरू झाला. मी सवयीने दाजींच्या मानेकडे पाहिलं. मान सरळ होती.

"तुमच्याकडे काहीच नाही? जनरेटर, इन्व्हर्टर?" मी विचारलं.

"नाही घेतला," ते म्हणाले आणि खुर्च्या अंगणात आणू लागले. ताईंनी आतून मेणबत्तीही आणली नाही. आम्ही चौघं बसलो. हळूहळू डोळे सरावले. आभाळ अजून थोडं निळं होतं, आणि खाली कुठेतरी नदीचं पाणी दगडांवरून जात होतं.

"चाळीस वर्षं," दाजी बऱ्याच वेळाने म्हणाले, "लाइट गेली की माझं धावणं सुरू व्हायचं. कुणाचं काय बंद पडलं, कुठला सेट उचलला नाही. अंधारात असं बसायचं राहूनच गेलं."

ताईंनी आपली खुर्ची थोडी त्यांच्या खुर्चीजवळ सरकवली, उजव्या कानाच्या बाजूला. पाऊण तासाने घरात दिवा लागला, पंखा फिरू लागला, वस्तीतून पोरांचा गलका आला. दाजींनी वळून एकदा दाराकडे पाहिलं.

"असू दे," ते म्हणाले, "बसा अजून थोडं."